मळ्यांतील एक साक्षीदार : सावतोबांच्या अभंगांतील मिरची

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परसांतील भाजीचा वाफा हेंही एक साधन आहे, आणि प्रसंगीं तें कागदाहून अधिक निःस्पृहपणें साक्ष देतें, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हीं अशाच एका साक्षीदाराची तपासणी करण्याचें योजिलें आहे. हा साक्षीदार म्हणजे मिरची; आणि ज्या प्रकरणांत तिची साक्ष काढावयाची, तें महाराष्ट्राच्या अत्यंत जिव्हाळ्याचें आहे.

अरण (तालुका माढा, जिल्हा सोलापूर) येथील सावता माळी हे ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. त्यांची समाधि शके १२१७ (इ. स. १२९५) मधील, अशी परंपरा आहे. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगांत मळ्यांतील भाजीपाला हाच आपला देव, ही भावना प्रकट झाली आहे; आणि हल्लीं गाइल्या व छापल्या जाणाऱ्या पाठांत कांदा व मुळा यांच्या जोडीला कोथिंबीर, लसूण आणि मिरची यांचीं नांवें येतात. यांपैकीं चार नांवांविषयीं कांहींच अडचण नाहीं. पलांडु, मूलक, लशुन व धान्यक या वस्तु चरकसंहितेस परिचित आहेत. अडचण आहे ती एकट्या मिरचीची.

ही वनस्पति आपल्या देशची नव्हे. लागवडींत असलेल्या तिच्या पांचही जाति मूळच्या अमेरिका खंडांतील आहेत, याविषयीं वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद नाहीं. कोलंबसाची पहिली सफर इ. स. १४९२ ची, त्यापूर्वीं जुन्या जगांत हें झाड नव्हतें. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास पोंचला. १५०० मध्यें काब्रालचा तांडा ब्राझीलच्या किनाऱ्यास लागून मग कालिकतास आला, आणि १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. ब्राझील व गोवें हीं दोन टोकें अशा रीतीनें एकाच धन्याच्या जहाजांनीं जोडलीं गेलीं. अर्थात् सावतोबांच्या समाधीनंतर दोनशें वर्षें उलटण्यापूर्वीं अरणच्या मळ्यांत मिरचीचें रोप असणें शक्य नाहीं.

ग्रंथांतरींचा पुरावा याला पोषकच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (इ. स. ११३० च्या सुमारास) पाककृतींचें सविस्तर वर्णन आहे. तेथें तिखटपणासाठीं मिरें व आलें आहे, हिंगाचा वासही आहे, मिरची नाहीं. इ. स. १५९० च्या सुमारास अबुल फजलनें 'ऐन-इ-अकबरी' लिहिली. तींत अमेरिकेहून आलेल्या अननसाची नोंद आहे, परंतु बादशाही मुदपाकखान्याच्या जिनसांत मिरची अद्यापि आढळत नाहीं. पुढें डच अंमलदार व्हान रीड याच्या 'हॉर्टस मलबारिकस' या द्वादशखंडात्मक ग्रंथांत (१६७८ ते १६९३) मात्र तिचें वर्णन व चित्र दोन्ही आहेत. केवळ अनुल्लेख हा कांहीं निर्णायक पुरावा नव्हे. पण पूर्वीं अनुल्लेख, मध्यें जलमार्गाचा आरंभ आणि नंतर उल्लेख, असा क्रम लागला म्हणजे त्याला वजन येतें.

मग एवढी उघड विसंगति आजवर बहुतेकांच्या नजरेंतून कां सुटली? याचें कारण नांवांत आहे. बटाटा, पपई, काजू, अननस हीं पोर्तुगीजांबरोबर आलेलीं फळें व कंद आपलीं परकीं नांवें मिरवीतच आपल्या परसांत शिरलीं. तेराव्या शतकांतील अभंगांत बटाटा निघता, तर शाळेंतील मुलानेंही शंका घेतली असती. मिरचीचें तसें झालें नाहीं. संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरें. त्याच घराण्यांतील नांव या नव्या तिखट फळास मिळालें. कानडींत 'मेणसु' म्हणजे मिरें व 'मेणसिनकायि' म्हणजे मिरची. तामिळांत 'मिळगु' आणि 'मिळगाय' यांचा संबंध तसाच आहे. पाहुणी आली ती यजमानाचें नांव लावून आली, आणि चार पिढ्यांत घरचीच ठरली.

आतां या कोड्याचीं तीन उत्तरें संभवतात. पहिलें असें कीं, अभंगांतील शब्दाचा अर्थ त्या काळीं मिरें असाच असावा. हें उत्तर सोयीचें आहे, परंतु आम्हांस तें पटत नाहीं. मिऱ्याची वेल मलबार व सह्याद्रीचा पश्चिम उतार येथील दमट सावलींत, विपुल पावसावर वाढते. माढ्याकडील अवर्षणाच्या प्रदेशांत, मोटेच्या पाण्यावर भिजणाऱ्या वाफ्यांत ती होत नाहीं. सावतोबा वाण्याच्या दुकानांतील जिन्नस सांगत नाहींत, स्वतःच्या हातानें पिकविलेला भाजीपाला सांगतात. त्या मालिकेंत मिऱ्याला जागा नाहीं.

दुसरें उत्तर असें कीं, सबंध अभंगच सोळाव्या शतकानंतरचा असून तो सावतोबांच्या नांवावर घातला गेला. तिसरें असें कीं, अभंग जुना, परंतु गाणाऱ्यांच्या तोंडीं त्यांतील एक शब्द बदलला. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवानें लिहून ठेविले अशी परंपरा आहे. पण त्या काळची पोथी आज उपलब्ध नाहीं. पाठ बिघडतात ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. ज्ञानेश्वरींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. सावतोबांच्या अभंगांस असा एकनाथ लाभला नाहीं.

या दोहोंपैकीं तिसऱ्या उत्तराकडे आमचा कल आहे. बाकीचीं चारही नांवें तेराव्या शतकास विजोड नाहींत. आणि नांवांची मालिका हाच कवितेचा असा भाग आहे कीं, एक मणी काढून दुसरा ओंवला तरी सूत्र तुटत नाहीं. शिवाय हा बदल होण्यास सबळ कारणही घडलें होतें. मिरें विकत घ्यावें लागे. मिरची परसांतल्या चार रोपांवर घरच्याघरीं मिळूं लागली. तिचें बीं वाळवून ठेवितां येतें, फळ सुकवून वर्षभर पुरवितां येतें, आणि सांडपाण्याच्या ओलाव्यावरही ती जगते. गरिबाच्या भाकरीस चव देणारी ही वस्तु ज्या श्रोत्यांच्या अंगणांत उभी होती, त्यांना मिरचीवांचून माळ्याचा मळा अपुराच वाटला असेल. माळणीनें जें वाफ्यांत पेरलें, तेंच गाणाऱ्यानें अभंगांत पेरलें. तथापि दुसरें उत्तर अजीबात खोटें ठरविण्याइतका पुरावा आज आमच्यापाशीं नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

शब्द जें विसरतो तें आचार कधीं कधीं लक्षांत ठेवितो. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादांत बटाटा, टोमॅटो व मिरची वर्ज्य आहेत. दक्षिणेंतील अनेक ब्राह्मणकुटुंबांत श्राद्धाच्या पाकांत मिरचीऐवजीं मिरेंच घालतात. देव आणि पितर यांच्या पानांत नवा जिन्नस सहसा वाढला जात नाहीं. म्हणून या पाकशाळा जुन्या परसाची आठवण राखून आहेत.

या विवेचनानें सावतोबांचें थोरपण तिळमात्र उणें होत नाहीं. उलट ज्या अभंगांत लोकांनीं आपल्या नव्या भाजीलाही जागा करून दिली, तो त्यांच्या किती अंगवळणीं पडला होता, हेंच यावरून दिसतें. मात्र एका शब्दावरून सबंध काव्याचा काळ ठरविणें, किंवा छापील पाठावरून तेराव्या शतकांतील शेतीचें चित्र काढणें, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. फडांच्या व मठांच्या संग्रहांत, वारकरी घराण्यांच्या बाडांत या अभंगाच्या जुन्या प्रती असण्याचा संभव आहे. ज्यांच्यापाशीं त्या असतील त्यांनीं लेखनकाळ पाहून या ओळींचा पाठ ताडून पाहावा. मिरचीच्या जागीं दुसरें नांव एका जरी जुन्या प्रतींत निघालें, तरी आमचें अनुमान सिद्ध होऊन सावतोबांच्या मळ्यांतील एक हरवलेली भाजी आपणांस परत मिळेल.