चार की आठ?

एर्विन नेगेलाइन यांना सोबत घेऊन ओटो वारबुर्ग यांनी बर्लिनमध्ये १९२२-२३ च्या सुमारास एक हिशेब मांडला: प्राणवायूचा एक रेणू सुटायला वनस्पतीला प्रकाशाचे साधारण चार फोटॉन पुरतात. तो खरा धरला, तर लाल प्रकाशातली सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा साखरेत उतरते. १९३१ मध्ये श्वसनावरच्या संशोधनासाठी वारबुर्ग यांना नोबेल मिळालं आणि त्यांच्या शब्दाला आणखीच वजन आलं.

शंका काढली ती त्यांच्याच विद्यार्थ्याने. रॉबर्ट इमर्सन यांनी १९२७ मध्ये वारबुर्ग यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली होती.

मोजमापाची पद्धत दोघांची एकच. क्लोरेला या एकपेशीय शेवाळाचं हिरवं पाणी काचेच्या छोट्या भांड्यात घालून हलवत ठेवायचं, त्यावर प्रकाश सोडायचा आणि जोडलेल्या नळीतला द्रव किती सरकला ते पाहायचं. पण ही नळी फक्त दाब दाखवते. तो कोणत्या वायूचा, हे सांगत नाही. १९४० च्या आसपास इमर्सन आणि चार्ल्टन लुईस यांना दिसलं, की प्रकाश पडताच पहिल्या काही मिनिटांत शेवाळातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर येतो. तोही प्राणवायूच्या खात्यात जमा होत होता! तो वगळल्यावर इमर्सन यांच्या मोजणीत आठ ते बारा फोटॉन लागले. कार्यक्षमता निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आली.

१९४८ मध्ये वारबुर्ग इलिनॉयमधल्या अर्बाना इथे इमर्सन यांच्या प्रयोगशाळेत आले. गुरू-शिष्यांनी एकाच छपराखाली प्रयोग केले, तरी एकमत झालं नाही. १९७० मध्ये वारले तोवर वारबुर्ग यांनी हेका सोडला नाही.

इमर्सन १९५९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कजवळच्या विमान अपघातात गेले. दोन वेगवेगळ्या लांबीच्या लाल लहरी एकत्र टाकल्या, की प्राणवायूचं उत्पादन दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त होतं, हे त्यांनी १९५७ मध्ये दाखवलं होतं. वनस्पतीत प्रकाश टिपणाऱ्या दोन यंत्रणा एकामागून एक चालतात, या आजच्या समजुतीचा पाया तिथेच पडला. प्राणवायूच्या एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन हलवावे लागतात आणि प्रत्येकाला दोनदा धक्का द्यावा लागतो. म्हणून किमान आठ. अलाहाबादहून आलेले त्यांचे विद्यार्थी गोविंदजी यांनी या वादाचा इतिहासही पुढे लिहून ठेवला.

याच अर्बानातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अख्ख्या सूर्यप्रकाशाचा हिशेब केला: गहू-भातासारख्या पिकांना जास्तीत जास्त ४.६ टक्के, ऊस-ज्वारीसारख्यांना ६ टक्के ऊर्जा साठवता येते. शेतातलं पीक सहसा याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही.