पावकीकडून दशांशाकडे

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत अपूर्णांकांचे शिक्षण मुख्यतः पाठांतराने होत असे. पूर्णांकांचे पाढे झाले की मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे म्हणत, आणि पूर्ण संख्येपुढे एक, दोन किंवा तीन उभ्या रेघा ओढून पाव, अर्धा व पाऊण लिहीत. या पद्धतीला निव्वळ घोकंपट्टी म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे, कारण अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक ही शेराखालची वजने एकामागून एक निमपट होत जात आणि रुपयाचेही सोळा आणे असत, त्यामुळे जे तोंडपाठ केले तेच दुकानात प्रत्यक्ष दिसे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पुढे मेट्रिक वजनेही आली, आणि दशांश अपूर्णांक, म्हणजे ज्यांचा छेद १०, १००, १००० असा असतो ते अपूर्णांक, घरोघरच्या हिशेबात शिरले. या बदलाने सोपे आणि अवघड यांचा क्रमच उलटला: एका रेघेत मावणाऱ्या पावाला ०.२५ अशी दोन स्थाने लागू लागली, तर रुपयाचा सोळावा भाग असलेला आणा ०.०६२५ झाला.

नाण्यांनी दशांशाची सवय लावली, परंतु स्थानाचे आकलन दिले नाही. रुपये आणि पैसे यांच्यामधील टिंब मुलाला दोन वेगळ्या मोजमापांमधले कुंपण वाटते, म्हणूनच दोन रुपये पाच पैसे तो २.५ असे लिहितो. सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये दशांशांची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हा तो प्रत्येक अंकाजवळ वर्तुळात त्याच्या स्थानाचा क्रमांक लिहीत असे. ते लेखन बोजड खरे, पण पाच हा दशांशाचा की शतांशाचा हे त्यात लपत नसे. आजच्या सुटसुटीत टिंबाने जे झाकले जाते, ते प्राथमिक वर्गात शंभर घरांच्या चौकटीने उघडे करावे लागते: एक उभी पट्टी म्हणजे दशांश, एक घर म्हणजे शतांश. ०.२५ साठी दोन पट्ट्या आणि पाच घरे रंगवणाऱ्या मुलाला, २५ ही संख्या ३ पेक्षा मोठी असूनही ०.३ च्या तीन पूर्ण पट्ट्या अधिक जागा व्यापतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.