सुरतेच्या वखारीतली प्रार्थनेची वेळ

सुरतेच्या इंग्रज वखारीचं नाव निघालं की मराठी वाचकाला कापडाच्या गासड्या, नफ्यातोट्याच्या वह्या आणि १६६४ ची स्वारी आठवते. त्या वखारीतला दिवस मात्र प्रार्थनेने उजाडायचा आणि प्रार्थनेनेच मावळायचा. मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण १६३८ मध्ये सुरतेत उतरला आणि इंग्रजांचा पाहुणा म्हणून वखारीत राहिला. तिथली शिस्त त्याने बारकाईने टिपली आहे. सकाळी सहाला प्रार्थना, रात्री आठला पुन्हा प्रार्थना आणि रविवारी तीनदा. मधल्या वेळात कापड आणि निळीची खरेदी, दलालांशी घासाघीस, पत्रांच्या नकला. एकत्र बसायच्या वेळी चहा. शुक्रवारी प्रार्थना उरकली की काही जण इंग्लंडात राहिलेल्या बायकांची आठवण काढत आणि त्यांच्या नावाने पेला उचलत. हजारो मैलांवरच्या घराशी जोडणारी आठवड्यातली तेवढीच घटका.

ही उपासना ईस्ट इंडिया कंपनीच्या शिस्तीचा भाग होती, हे खरंच आहे. सुरतेत उमेदवारी केलेला स्ट्रेन्शॅम मास्टर पुढे बंगालच्या वखारींवर देखरेखीला गेला, तेव्हा १६७९ मध्ये त्याने प्रार्थनेला दांडी मारणाऱ्यांना दंड लावला. दंडाचे पैसे गोरगरिबांसाठी ठेवायचे. पण दंडाच्या भीतीने आलेला माणूस तोंडाने म्हणतो ते सगळं पोकळच असतं, असं समजणं अन्यायाचं होईल. त्या लोकांचं जगणंच असं होतं की उपकार मानायला त्यांना वेगळं कारण शोधावं लागत नव्हतं.

वखारीचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन याचंच उदाहरण घ्या. तो १६८९ मध्ये इंग्लंडहून निघाला आणि पुढच्या उन्हाळ्यात मुंबईला पोचला. त्याच्याबरोबर आलेल्या प्रवाशांपैकी बहुतेक जण तो पावसाळा संपायच्या आत दगावले. माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी मुंबईतल्या इंग्रजांमध्ये म्हणच पडली होती आणि ती त्यानेच नोंदवली. असा माणूस पुढे सुरतेत रोज पहाटे उभा राहून रात्र सुखरूप गेल्याबद्दल देवाचे आभार मानत होता, तेव्हा त्या शब्दांना केवढं वजन असेल! १६६२ मध्ये इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक सुधारून निघालं होतं. त्यात सर्वांनी म्हणायची आभाराची प्रार्थना नव्याने आली आणि दर्यावर्दींसाठी खास प्रार्थनाही आल्या. वादळातून जहाज वाचलं तर काय म्हणायचं, तेही त्यात होतं. सुवाळीच्या बंदरात जहाज लागायची वाट पाहत वर्ष काढणाऱ्यांना हे शब्द फार जवळचे वाटले असणार.

ओव्हिंग्टनने वखारीतल्या प्रार्थनेच्या खोलीचं वर्णन केलं आहे, त्यातली एक बाब मोलाची आहे. खोली नेटकी, गंभीर, शोभिवंत. पण तिच्यात कुठल्याही सजीवाचं चित्र नाही की मूर्ती नाही. शहर मुघलांचं, शेजार मुसलमानांचा. त्यांचं मन दुखावू नये म्हणून ही काळजी. हे शेजारी या साध्या उपासनेवर खूश आहेत, असंही तो समाधानाने लिहितो. सुरतेच्या ख्रिस्ती भक्तीची खूण इथेच सापडते. ही भक्ती दुसऱ्यांच्या गावात, दुसऱ्यांच्या सौजन्यावर जगत होती आणि त्याची जाणीव ठेवून वागत होती.

गावात इंग्रज एकटेच ख्रिस्ती नव्हते. आर्मेनियन व्यापारी होते, डच होते, पोर्तुगीजांची ये-जा होती. फ्रेंच कॅपुचिन साधूंचा मठही होता आणि फादर अँब्रोझ हे त्यांचे प्रमुख. १६६६ मध्ये आलेला फ्रेंच प्रवासी तेव्हनो सांगतो की मुघल सुभेदाराकडे त्यांच्या शब्दाला मान होता आणि ख्रिस्ती लोकांचे आपसातले तंटे ते मिटवत.

याच फादर अँब्रोझ यांचा मराठी इतिहासाशी संबंध येतो. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराजांचं सैन्य सुरतेत शिरलं. सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडून बसला. इंग्रजांनी प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडनच्या हाताखाली जहाजावरची माणसं बोलावून वखार लढवली. त्या दिवसांचं वर्णन वखारीचा पाद्री एस्कॅलियट याने महिनाअखेरीच्या पत्रात करून ठेवलं आहे. कॅपुचिनांकडे ना तोफा होत्या ना शिपाई, तरी त्यांच्या मठाला हात लागला नाही. फ्रान्स्वा बर्निये लिहितो की हे पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असा महाराजांचा हुकूम होता. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचं घरही वाचलं, कारण तो हयातभर दानधर्म करत असे. बर्निये स्वतः त्या वेळी सुरतेत नव्हता. त्याने ऐकलेलं लिहिलं. तरी मुघल दरबाराच्या आश्रयाने राहिलेल्या माणसाने ही गोष्ट शिवाजी महाराजांच्या नावे नोंदवावी, याला अर्थ आहे. रोजचं चांगलं वागणं गावात बोललं जातं आणि स्वारीवर आलेल्या राजाच्या कानापर्यंत पोचतं.

सुरतेची ही प्रार्थनेची सवय पुढे मुंबईत आली. सुरतेचा प्रेसिडेंट जेराल्ड आँजियर मुंबईचाही गव्हर्नर होता. मुंबईतल्या इंग्रजांना प्रार्थनेसाठी मंदिर हवं, ही खटपट त्याच्या काळात सुरू झाली. १६७५ चं त्याने दिलेलं चांदीचं प्रभुभोजनाचं पात्र मुंबईला मिळालं, पण इमारत पाहायला तो राहिला नाही. १६७७ मध्ये सुरतेतच त्याचा अंत झाला. त्यानंतर चाळीस वर्षं भिंती अर्धवट राहिल्या आणि १७१८ च्या नाताळात सेंट टॉमसचं चर्च उघडलं. चर्चगेट हे नाव त्याच चर्चकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजाचं.

इतकी वर्षं सुरतेत प्रार्थना चालली ती परक्या भाषांत. १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी इथे आले आणि गुजराती शिकून बायबलच्या भाषांतराला बसले. १८२० नंतरच्या काही वर्षांत ते सुरतेच्या मिशन छापखान्यातून बाहेर पडलं. खरा पालट इथे झाला, असं म्हणायला हवं. वखारीतली प्रार्थना नोकरीबरोबर यायची आणि नोकरीबरोबर जायची. आता ती गुजराती माणसाला आपल्या ओसरीवर बसून म्हणता येऊ लागली. १८४० च्या दशकात हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. मिशनरी जोसेफ टेलर यांच्या ‘काव्यार्पण’ने ख्रिस्ती भजनाला गुजराती वळण दिलं.

त्याच दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत एक मराठी शिक्षक होते: व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. एकच ईश्वर, जातिभेद नको, असा तिचा रोख. दादोबा ख्रिस्ती झाले नाहीत. पण ज्या गावात चार धर्मांची माणसं रोज आपापल्या देवापुढे उभी राहत, त्या गावात त्यांच्या विचाराला आकार आला. ते मुंबईत परतल्यावर १८४९ मध्ये तिथे परमहंस सभा निघाली; १८६७ मध्ये त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. ख्रिस्ती भक्तीबद्दलची दादोबांची ओढ शेवटपर्यंत टिकली. १८७८ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, त्यांनी स्वीडनचे ख्रिस्ती साधक इमॅन्युएल स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि आपण हिंदू असल्याचं त्याच्या नावातच सांगितलं.