टोल गेला, हिशेब राहिला

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० साली झाली. यंदा २५ वर्षे पूर्ण झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. समितीतल्या तरुण मंडळींनी मला फर्मावले, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." सोसायटीचा इतिहास चेअरमनसाहेबांच्या लेखात आलाच आहे, तोच पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. म्हणून मी गेटच्या बाहेरचा इतिहास घेतला आहे. या २५ वर्षांत आपल्या कोल्हापुरात सार्वजनिक पैशावरून बरेच वाद झाले. त्यांतला सर्वांत मोठा टोलचा. आज आपल्यापुढे इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय आहे, दोन प्रस्ताव फायलीत येऊन पडले आहेत. टोल आणि पुनर्विकास यांचा काय संबंध, असे कुणी विचारेल. माझ्या मते फार जवळचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोल्हापूरकर खर्चाला घाबरणारा माणूस नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास राधानगरीच्या धरणाचे काम काढले. एका छोट्या संस्थानाच्या मानाने तो खर्च डोंगराएवढा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा आणि सामान दोन्हीची ओढाताण झाली, काम रखडले आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. पण आज भोगावतीच्या काठाने उभा असलेला ऊस बघितला तर तो खर्च वाया गेला असे कुणी म्हणणार नाही. तेव्हा खर्च करावा की नाही हा वाद आपल्याकडे फारसा कधी नव्हताच. वाद असतो तो कुणाच्या पैशाने, किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर, याचा.

आता शहराची ऐपत बघा. नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. त्यानंतर आजवर शहराची हद्द एकदाही वाढलेली नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६. आजूबाजूची गावे शहराला अगदी चिकटली आहेत, पण हद्दीत यायला ती तयार नाहीत. घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील ही त्यांची भीती आहे आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. २०१७ साली ४२ गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण झाले, पण हद्दीचा प्रश्न तिथेच राहिला. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी आला, तोही गेला. उरले घरफाळा, पाणीपट्टी आणि सरकारचे अनुदान. पगार, पेन्शन आणि विजेची बिले भागवून रस्त्याला काय उरणार, हे बँकेत बॅलन्सशीट वाचत आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

अशा परिस्थितीत रस्त्यांची योजना आली. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' म्हणजे बीओटी पद्धतीने करायचे. प्रकल्पाची किंमत २२० कोटी रुपये. खाजगी कंपनीने स्वतःचे आणि बँकांचे पैसे घालायचे आणि ३० वर्षे टोल घेऊन ते वसूल करायचे. शिवाय टेंबलाईवाडीतली मोक्याची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी यांच्यात २००८ साली करार झाला.

आपल्या गच्चीवर त्या वर्षांत ज्या चर्चा झडल्या, त्या जुन्या सभासदांना आठवत असतील. एक बाजू म्हणायची, "अहो, खड्ड्यांत गाडी घालून कंबरडी मोडली आमची. महापालिकेकडे दमडी नाही. मग वापरेल त्याने भरावे, बिघडलं कुठं?" दुसरी बाजू म्हणायची, "हायवेचं ठीक आहे हो. पण गावातल्या गावात, दवाखान्याला नाहीतर मार्केट यार्डात जायला टोल? घरफाळा भरतो, गाडीचा टॅक्स भरतो, मग ते कशासाठी?" दोन्ही बाजूंत तथ्य होते. बाहेरून दूध, भाजी, माल घेऊन रोज शहरात येणाऱ्या माणसाला या दोन्ही बाजूंत कुणी धरलेच नव्हते, हेही खरे.

रस्ते झाले तसे आणखी प्रश्न निघाले. फुटपाथ कुठे अर्धे, गटारी कुठे राहिलेल्या, रस्त्याखालच्या पाण्याच्या जुन्या लाइनी हलवायच्या कुणी, याचा वाद. आणि शहराच्या प्रवेशावर टोलनाके उभे राहू लागले. तिथे कोल्हापूर पेटले.

सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समितीचे आंदोलन हा आपल्या शहराच्या अलीकडच्या इतिहासातला एक मोठा अध्याय आहे. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी उभी हयात चळवळीत काढलेली माणसे पुढे होती. पाटीलसर १९७८ च्या पुलोद सरकारात सहकारमंत्री होते, पण टोलच्या वेळी वय आणि प्रकृती विसरून रस्त्यावर बसले. तालमी, रिक्षावाले, व्यापारी, वकील, गृहिणी, सगळ्या पेठा एक झाल्या. १७ ऑक्टोबर २०१३ पासून वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये लोकांच्या रागाचा स्फोट झाला आणि नाके जाळले गेले. जाळपोळीचे समर्थन मी तेव्हाही केले नाही, आजही करत नाही. कोर्टकचेऱ्या झाल्या, वसुली थांबली, पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर सकाळी फिरून घरी येताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. टोल गेलेला पाहायला ते राहिले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने कोल्हापूरचा टोल कायमचा बंद केल्याचे जाहीर केले. गुलाल उधळला गेला, साखर वाटली गेली. आपल्या गेटवरही पेढे आले होते.

आता पुढची गोष्ट पेढ्यांच्या गडबडीत फारशी कुणी बोलले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. टोल माफ झाला, पैसे माफ झाले नाहीत. कंपनीला द्यायची रक्कम राज्य सरकारने उचलली आणि ती साडेचारशे कोटींच्या वर गेली. म्हणजे २२० कोटींच्या रस्त्याचे दुपटीहून जास्त झाले.

हे कसे झाले? माझा ढोबळ हिशेब सांगतो. तो सरकारचा नव्हे, माझा आहे. आमच्या बँकेत ७२ चा आडाखा असायचा. ७२ ला व्याजदराने भागले की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते कळते. १२ टक्के दर धरला तर सहा वर्षे. २०१० च्या आसपास २२० कोटी गुंतले असे धरले, तर २०१६ ला ४४० होतात. यात जादू काही नाही. वाद जेवढा लांबतो, तेवढे मीटर पळते.

दुसरा हिशेब आपल्या घरातला. २२० कोटी शहराच्या लोकसंख्येवर वाटले तर माणशी सुमारे ४,००० रुपये पडतात, पाच माणसांच्या घराला २०,००० रुपये. साडेचारशे कोटींचा हाच हिशेब घराला ४१,००० रुपये येतो. हे पैसे आपल्या खिशातून थेट गेले नाहीत, राज्याच्या तिजोरीतून गेले. म्हणजे ज्याने आयुष्यात रंकाळा पाहिला नाही अशा गडचिरोलीच्या माणसानेही आपल्या रस्त्याला हातभार लावला. आंदोलन चुकीचे होते असे मी म्हणत नाही. ३० वर्षांचे ओझे त्याने उतरवले, हे त्याचे श्रेय कुणी हिरावून घेऊ शकत नाही. माझा मुद्दा तारखांचा आहे. करार २००८ चा, आणि मोर्चांना जोर आला तो २०१२ पासून. जे प्रश्न चार वर्षांनी चौकात विचारले गेले, ते सही होण्यापूर्वी सभागृहात विचारले गेले असते तर? ३० वर्षे कशासाठी? काम अर्धवट राहिले तर दंड किती? मध्येच करार मोडला तर कुणी कुणाला काय द्यायचे? या तीन ओळींची किंमत दोनशे कोटींहून जास्त निघाली.

थेट पाइपलाइनची कथा वेगळ्या तऱ्हेची. काळम्मावाडी धरणातून शहराला थेट पाणी आणायची मागणी कितीतरी वर्षांची. अखेर योजना मंजूर झाली, खर्च पाचशे कोटींच्या घरात, २०१४ साली काम सुरू झाले आणि पाणी आले २०२३ च्या दिवाळीत. मधल्या काळात २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली, चारी बाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही अशी आपली अवस्था झाली. २०२१ ला तेच. आज गळती आणि पंप बंद पडण्याच्या तक्रारी येतात, तरी योजना नको होती असे कुणी म्हणत नाही. इथे कुठे नाके जळले नाहीत. किंमत मोजावी लागली ती वेळेच्या रूपाने.

आणि आता मे २०२५ मध्ये राज्य सरकारने अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासासाठी १,४४५ कोटींचा आराखडा मंजूर केला आहे. रस्त्यांच्या प्रकल्पाच्या साडेसहापट. भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण मंदिराभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आणि दुकाने चालवणारे लोक विचारत आहेत, आमची जागा गेली तर आम्ही कुठे जायचे, किती मिळणार आणि कधी? या वेळी प्रश्न लवकर विचारले जात आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. शहर काहीतरी शिकले म्हणायचे.

शहर शिकले, तसे आपणही शिकायला हवे. आपल्या प्रस्तावांत 'वाढीव कार्पेट', 'मॉड्युलर किचन', 'पोडियम गार्डन' असे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत. ते वाचून तरुण कुटुंबांना आनंद होणे साहजिक आहे. त्यांना लिफ्ट हवी, पार्किंग हवे, मुलांना खोली हवी. दुसऱ्या बाजूला आपल्या २८ घरांपैकी ११ घरे पेन्शनवर चालतात. त्यांची काळजी वेगळी. तीन वर्षे भाड्याच्या घरात कोण ठेवणार, नव्या इमारतीचा मेंटेनन्स आणि घरफाळा झेपणार का, आणि उगाच लांबले तर परत आपल्या दारात पाऊल ठेवायला आपण असू का? मी स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, तेव्हा हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. मात्र यात कुणी कुणाचे शत्रू नाही. टोलच्या वेळी गच्चीवर भांडून आपण खाली येऊन एकाच टेबलावर चहा घेत होतो, तसेच हेही व्हावे.

नियम आपल्या बाजूने आहेत, ते वापरावेत. पुनर्विकासाबाबत सरकारचा ४ जुलै २०१९ चा निर्णय आहे. त्यानुसार निर्णयाच्या सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश हजेरी लागते, म्हणजे आपले १९ जण. मंजुरीला एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणजे १५ जण. सभेचे चित्रीकरण करायचे असते. विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घेता येते. आपले कन्व्हेयन्स झालेले आहे, ही मोठी जमेची बाजू. पण १५ सह्या झाल्या म्हणून उरलेल्या १३ घरांचे समाधान झाले असे होत नाही. त्यांचे प्रश्न लेखी घ्यावेत आणि उत्तरेही लेखीच मिळावीत.

माझी सूचना साधी आहे. वर टोलच्या करारासाठी लिहिलेले तीन प्रश्नच आपल्या करारालाही विचारावेत. मुदत किती आणि का? काम अर्धवट राहिले तर भाडे आणि दंड कोण देणार? करार मोडला तर जागा कुणाच्या ताब्यात? उत्तरे मसुद्यात काळ्यावर पांढरी दिसेपर्यंत सही नको. मसुदा मराठीत करून घरोघरी वाटावा आणि वाचायला महिनाभर द्यावा. एक महिना उशीर झाला तर काही बिघडत नाही. चार वर्षे उशिरा विचारलेल्या प्रश्नांना काय पडते, ते आपल्या शहराने भरून पाहिले आहे.

मसुदा वाचण्यात ज्यांना मदत हवी असेल त्यांनी रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत सोसायटी ऑफिसात यावे. मी चष्मा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला असेन. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.