गोखले ओहलांगेच्या शाळेत

आमच्या हॅरोत आफ्रिकेचा विषय निघाला की नैरोबी, कंपाला, दर्बन ही नावं हमखास येतात. शेजारचे गुजराती आजी-आजोबा तिथल्या दुकानांच्या आणि शाळांच्या आठवणी सांगतात. त्या आठवणींत आफ्रिकी माणूस बहुधा घरातला नोकर किंवा दुकानातलं गिऱ्हाईक असतो, मास्तर क्वचितच. म्हणून आज एका आफ्रिकी मास्तरांची, आणि त्यांची शाळा पाहायला गेलेल्या एका मराठी मास्तरांची गोष्ट.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊनला उतरले. नाताळमध्ये करार संपवून राहिलेल्या हिंदी मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. करारातला पगार सुरुवातीला महिना दहा शिलिंग, म्हणजे त्या हिशेबाने सहा महिन्यांची कमाई! हा कर उठवणं हे गोखल्यांचं मुख्य काम होतं. जोहान्सबर्गला गांधींच्या आग्रहावरून ते कोकणी मुसलमान आणि थोड्या मराठी हिंदूंपुढे चक्क मराठीत बोलले, आणि गांधींनी त्याचं हिंदुस्तानी भाषांतर केलं.

नोव्हेंबरात ते दर्बनजवळ गांधींच्या फिनिक्स आश्रमात आले. तिथून जवळच इनांडाच्या टेकड्यांत ओहलांगेची शाळा होती. रेव्हरंड जॉन डुबे यांनी अमेरिकेतून वर्गणी जमवून १९०१ च्या सुमारास ती उभी केली होती. अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, शेती असे हातचे धंदेही तिथे शिकवले जात. पैशांची चणचण कायमची, आणि शिकलेल्या झुलूंविषयी गोऱ्यांच्या मनात संशय. डुबे त्याच वर्षी जानेवारीत स्थापन झालेल्या, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्षही होते. गोखले शाळेत गेले, डुबेंशी आफ्रिकी लोकांच्या प्रश्नावर बोलले, मुलांनी त्यांना झुलू गाणी म्हणून दाखवली.

या भेटीत एक जुना धागा होता. डुबे ज्या मिशनच्या शाळांत शिकले ते अमेरिकन बोर्डाचं. त्याच बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. नगरला सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले. बोर्ड एकच, पण दोन्हीकडे शाळा आपल्या हाती घेणारी माणसं त्या मातीतली होती.

गोखल्यांना हे कळायला वेळ लागला नसेल. टिळक, आगरकरांच्या संस्थेत त्यांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षांच्या आसपास शिकवलं होतं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक मार्च १९१२ मध्येच ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं होतं. आठ महिन्यांनी ते दुसऱ्या एका वसाहतीत, सरकारने वाऱ्यावर सोडलेल्या मुलांची गाणी ऐकत होते.

पण भेट भेटच राहिली. हिंदी लोकांच्या मागण्यांत आफ्रिकींचा प्रश्न नव्हता. १९१३ च्या जमीन कायद्याने आफ्रिकींना देशाच्या जेमतेम सात टक्के जमिनीत कोंडलं. १९१४ मध्ये डुबे शिष्टमंडळ घेऊन आपल्या या लंडनला आले, आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. त्याच वर्षी तीन पौंडांचा कर मात्र रद्द झाला. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले.

२७ एप्रिल १९९४ ला नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं, ते ओहलांगेच्या शाळेत. डुबेंची समाधी तिथेच आहे.

दर्बनला जाणारी आपली मंडळी फिनिक्स पाहून येतात, ते योग्यच. पण गाडी तिथून परत वळवू नका. गोखले जिथवर गेले, तिथवर तरी आपण जावं.