बदललेले शेवट

उद्याच्या आदर्श राज्याची चित्रे साहित्यात पूर्वापार आहेत. बेगम रोकेया यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा प्रसिद्ध केली. तिच्यात पुरुष पडद्याआड असतात आणि राज्यकारभार स्त्रिया चालवतात. पुढे दोन महायुद्धे आणि हुकूमशाह्या पाहिलेल्या शतकात मात्र स्वप्नांपेक्षा दुःस्वप्नेच जास्त लिहिली गेली.

त्यातले पहिले मोठे दुःस्वप्न रशियन लेखक झाम्यातिन यांचे. 'आम्ही' ही त्यांची कादंबरी क्रांतीनंतर दोन-चार वर्षांतच लिहून झाली. तिच्यातल्या माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. १९२४ साली न्यूयॉर्कला तिचा इंग्रजी अनुवाद निघाला, पण लेखकाच्या मायदेशी ती छापली गेली १९८८ साली. बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये या कादंबरीवर लेख लिहिला. १९४९ मध्ये त्याची 'नाइन्टीन एटी-फोर' आली.

ऑर्वेल १९५० साली वारला आणि मग त्याच्या पुस्तकांचे सिनेमे झाले. 'अॅनिमल फार्म'च्या शेवटी डुक्कर कोणते आणि माणूस कोणता, हे बिचाऱ्या जनावरांना ओळखता येत नाही. १९५४ च्या कार्टूनपटात तीच जनावरे बंड करून डुकरांची सत्ता उलथवतात. या चित्रपटामागे अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हे पुढे उघड झाले. पुस्तकात माणूस आणि डुक्कर सारखेच दोषी ठरतात. पडद्यावर दोष एकट्या डुकरांकडे राहिला. शीतयुद्धाला तेच हवे होते.

म्हणून आमची शिफारस अशी, की आधी पुस्तक वाचावे, मग चित्रपट पाहावा आणि काय गाळले ते शोधावे. मायकेल रॅडफर्डचा १९८४ सालचा चित्रपट ऑर्वेलशी प्रामाणिक आहे. ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मध्ये पुस्तके जाळली जातात. त्रुफोने १९६६ च्या चित्रपटात श्रेयनामावली लिहून न दाखवता बोलून ऐकवली. शब्द हरवलेले जग त्याने पहिल्याच मिनिटात उभे केले.

आपल्याकडे प्रयाग अकबर यांची 'लैला' २०१७ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिची मालिका झाली. शुद्धतेच्या नावाने जमातीजमातींत भिंती उभारलेल्या शहरात एक आई हरवलेली मुलगी शोधते. तिचा नवरा मुसलमान. ही कथा आम्हाला लगेच आपली वाटते.

पण तेवढ्यावर थांबलो, तर शेवट बदलणाऱ्यांत आम्हीही जमा होऊ. इजिप्तच्या बस्मा अब्देल अजीझ यांची २०१३ ची अरबी कादंबरी इंग्रजीत 'द क्यू' नावाने मिळते. तिच्यात गोळी लागलेला माणूस रांगेत उभा आहे. सरकारी दरवाजाच्या परवान्याशिवाय डॉक्टर ती गोळी काढू शकत नाही. दरवाजा उघडत नाही, आणि फतवे काढणारे शेख दरवाजाच्याच बाजूने आहेत. इथे जुलूम करणारेही आपल्याच भाषेत अल्लाहचे नाव घेतात.

'लैला' वाचताना भिंतीबाहेरचे आम्ही असतो. 'द क्यू' वाचताना रांगेत आम्ही आणि दरवाजामागेही आम्हीच. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.