जावे की राहावे : मराठीत घेतला गेलेला एक निर्णय

भिवंडीसारख्या गावात मराठी शिकवताना 'स्थलांतर' हा शब्द फळ्यावर लिहिला, तर समोरच्या बाकांवर फारसे कुतूहल उमटत नाही. येथे बहुतेकांच्या घरात तो शब्द आधीच नांदत असतो. १८५७ नंतरच्या धामधुमीत आझमगड, मऊ या बाजूंनी निघालेले विणकर आग्रा रोड धरून मालेगाव-धुळ्याकडे आणि पुढे भिवंडीपर्यंत आले. तेलंगणातून पद्मशाली आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड इकडच्या यंत्रमागांवर अधिकच सरकले आणि त्यामागोमाग माणसेही सरकली. फाळणीच्या वेळी कोकणी मुसलमानांतील काही कुटुंबे कराचीला गेली, बहुतेक राहिली. उलट दिशेने आलेल्या सिंध्यांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीत १९४९ साली उल्हासनगर वसले. उर्दू बोलणारा विद्यार्थी यासाठी 'हिजरत' म्हणतो. मराठीत आपण 'देशोधडीला लागणे' म्हणतो, 'परागंदा होणे' म्हणतो. हा दुसरा शब्द फारसीतला, अर्थ 'विखुरलेला'. दोन्हींत माणूस कर्ता नाही. त्याला कोणीतरी ढकलले आहे.

आमचा आजचा विषय या शब्दांत मावत नाही. कोणीही ढकललेले नसताना, शेजाऱ्यांशी वैर नसताना, दुष्काळ नसताना, एका संपूर्ण मराठीभाषक समाजाने 'जावे की राहावे' हा प्रश्न घराघरांतून चर्चिला आणि वीस-पंचवीस वर्षांत त्यातील बहुसंख्य माणसे निघून गेली. कशेळीचा पूल ओलांडून ठाण्यात गेले की १८७९ साली बांधलेले 'शआर हाशामाईम' हे सिनेगॉग लागते. तो समाज बेने इस्राएलांचा.

त्यांची कथा साऱ्यांनी थोडीफार ऐकलेली असते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कुलाब्याच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' ठरले. ही कथा इतिहास किती आणि आख्यायिका किती, या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस महत्त्वाची वाटतात ती आडनावे : पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, केहीमकर, नागावकर. एकेका आडनावात एकेक गाव. अठराव्या शतकापासून ही माणसे मुंबईला जाऊ लागली, लष्करात शिरली, पुढे रेल्वे, टपाल, जकात, शाळा, इस्पितळे यांत नोकऱ्या करू लागली. पण गाव आडनावात राहिले. सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. समाजात त्याला 'मशीद'च म्हणत, आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. म्हणजे एक देशांतर त्यांनी आधीच केले होते. कोकणातून मुंबईस जाणारा चाकरमानी जसे करतो तसे, परतीची वाट मनात ठेवून.

या समाजाची धार्मिक भाषा हिब्रू असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मराठीतून जात असे. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची पोथी, म्हणजे हागादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पद्धतीने लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. अभंग आणि साकी-दिंडीच्या चालींवर अब्राहाम आणि योसेफ आले. त्याच पोथीच्या शेवटी, जगभरच्या यहुद्यांप्रमाणे, पुढील वर्षी यरुशलेमात असावे अशी इच्छा दरवर्षी उच्चारली जात होती. येथेच सारी गाठ आहे. कोठे जावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी कोरा नव्हता. त्याचे उत्तर पोथीत छापलेले होते. मात्र एखादी गोष्ट दरवर्षी मागणे वेगळे, आणि ती मिळू लागल्यावर अर्ज भरणे वेगळे.

१८९७ साली बाझलला पहिली झायनवादी परिषद भरली तेव्हा मुंबईच्या बेने इस्राएलांनाही निमंत्रण आले. आपण ईश्वराच्या हाताची वाट पाहत आहोत, माणसांनी काढलेल्या योजनेची नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठविल्याचे अभ्यासक नोंदवतात. या उत्तराकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे आम्हांस पटत नाही. त्यात श्रद्धा आहे, तशीच एक शहाणी टाळाटाळही आहे. नोकरी बरी चालली आहे, मुले शाळेत आहेत, आणि ज्या स्वप्नाचा पत्ता देवाकडे आहे ते देवाकडेच असलेले बरे. त्याच वर्षी हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो चाळीस वर्षे अप्रकाशित राहिला आणि १९३७ साली छापला गेला तो तेल अवीवमध्ये. माणसे निघण्यापूर्वी त्यांचे पुस्तक तेथे पोहोचले होते.

मधल्या काळात प्रश्न गुंतागुंतीचा झाला. १९१७-१८ मध्ये समाजाच्या दोन संस्था उभ्या राहिल्या, बेने इस्राएल परिषद आणि अखिल भारतीय इस्राएली लीग. राष्ट्रीय चळवळीत कितपत शिरावे, झायनवादाला कितपत जवळ करावे, यावर मतभेद होते. १९३८ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधील लेखात पॅलेस्टाइनवरील यहुद्यांच्या दाव्याला विरोध केला. गांधींना मानणाऱ्या आणि पोथीही मानणाऱ्या घरात त्या संध्याकाळी काय बोलणे झाले असेल, हे ज्याचे त्याने कल्पावे.

मग १९४७ आणि १९४८ अशी दोन वर्षे लागोपाठ आली. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांतील जुनी जागा टिकेल का, ही शंका मध्यमवर्गीय बेने इस्राएलांच्या मनात होती. छळाचे भय नव्हते. हे ते स्वतः आजवर आवर्जून सांगतात, आणि भारताच्या इतिहासात ही काही लहान गोष्ट नव्हे. दुसरीकडे एक देश निर्माण झाला होता आणि तो बोलावीत होता. काहींनी इंग्लंडचा विचार केला, कारण रेल्वे आणि पलटणीमुळे इंग्रजी रीत ओळखीची होती. काही पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेले. पण मोठा ओघ इस्राएलकडेच वळला. १९५१ च्या जनगणनेत भारतातील यहुद्यांची संख्या सव्वीस हजारांच्या घरात होती. त्यांत कोचीनचे आणि बगदादीही आले, तरी बहुसंख्य बेने इस्राएलच. १९७१ मध्ये ती सहा हजारांच्या आत आली.

या आकड्यांमुळे निर्णय सरळ झाला असे वाटते. तो तसा नव्हता. प्रारंभी गेलेल्यांपैकी अनेकांना नेगेव वाळवंटाच्या कडेला, बीरशेबासारख्या ठिकाणी वसविण्यात आले. मुंबईत कारकुनी करणाऱ्या हातांना मिळेल ते काम, अनोळखी अन्न, आणि वर्णावरून वागणूक मिळते ही भावना. १९५१-५२ मध्ये त्यांतील एका गटाने धरणे धरले, उपोषण केले आणि मागणी केली ती चक्रावून टाकणारी : आम्हांला भारतात परत पाठवा. ज्या भूमीकडे जाण्यासाठी हिब्रूत 'अलिया' म्हणजे 'वर चढणे' हा शब्द आहे, तेथून खाली उतरण्याची ही मागणी, आणि तिचे हत्यार मात्र गांधींच्या देशातून नेलेले. १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोकांना खरोखरच परत आणले गेले. पुढे आणखी एक वळण आले. परतलेल्यांपैकी बहुतेकांनी काही काळातच पुन्हा इस्राएलला नेण्याची विनंती केली.

इतिहासकार या घटनेला दोन-चार ओळी देतात. आम्हांस मात्र सगळ्या प्रकरणातील हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. स्थलांतराच्या कथा आपण एका उंबरठ्यावर संपवतो : बोट सुटते, रुमाल हलतात. प्रत्यक्षात बोट सुटल्यावर निर्णय सुरू होतो. परत आलेल्या माणसाला इकडे काय दिसले असेल? बिऱ्हाड मोडलेले, खोली दुसऱ्याला गेलेली, नोकरी भरली गेलेली आणि निम्मे नातलग तिकडे. राहण्याची जागा म्हणजे केवळ जमीन नसते. ज्यांच्यासोबत राहायचे ती माणसेच निघाली की राहिलेल्याचेही एक प्रकारे स्थलांतर होते. ओघ वाढत गेला त्यामागे विचारसरणीइतकेच हेही कारण असावे, असे आमचे मत आहे. सिनेगॉगात प्रार्थनेसाठी दहा पुरुष लागतात. नववा निघाला की उरलेल्यांचा प्रश्न बदलतो.

त्यानंतरचा घाव अधिक खोल होता. १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या आदेशानुसार बेने इस्राएल वधू-वरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरली. ज्यांनी अनेक शतके शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना 'तुम्ही नक्की यहुदी का?' असे विचारले गेले. भारतात तेलीपणावरून एक पायरी वाट्यास आलेल्या समाजाला नव्या देशात वंशावळ दाखवावी लागली, ही कुचेष्टा कोणत्याही मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेमात आंदोलन केले. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत, असे जाहीर केले आणि पुढे त्या आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले. या वेळी मात्र परत पाठवा, अशी मागणी त्यांनी केली नाही. एका दशकात एवढा फरक पडला होता.

राहिलेल्यांत सर्वांत ठळक नाव निसिम इझिकेल यांचे. जन्म १९२४, मुंबई. इस्राएल स्थापन झाले त्या १९४८ मध्येच ते देश सोडून गेले, पण लंडनला. आणि १९५२ मध्ये मालवाहू जहाजावर काम करीत परतले. पुढे २००४ पर्यंतचे आयुष्य मुंबईत गेले. त्यांच्या कवितेतील 'येथेच असणे' ही निष्ठा इंग्रजीचे विद्यार्थी अभ्यासतात; मराठीच्या विद्यार्थ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे की वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. जाण्या-राहण्याचा पेच कादंबरीत आणला तो मीरा महादेवन यांनी, 'अपना घर'मध्ये (१९६१). बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये 'मोबाइल क्रेशेस' सुरू करणाऱ्या त्या याच. २०१३ मध्ये शीला रोहेकरांची 'मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा' आली. दोन्ही कादंबऱ्या हिंदीत. इझिकेल इंग्रजीत. ज्या भाषेत आई-वडिलांनी रात्री दिवा बारीक करून जाण्याचा विचार केला, ती भाषा या तिन्ही ठिकाणी पडद्याआड आहे. मराठी समीक्षेने याची खंत करावी की नाही, हा प्रश्न आम्ही खुला ठेवतो. आपण मात्र 'मराठी मुसलमान', 'मराठी ख्रिस्ती' यांच्या साहित्याची चर्चा करताना हा चौथा ओसरा बहुधा झाडतच नाही.

२०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. ठाण्याचे सिनेगॉग उभे आहे आणि आज या राज्यातील यहुदी वस्तीचा मोठा भाग त्याच परिसरात आहे. तिकडे दिमोना, अश्दोद, लोद, रामला येथे मलिद्याच्या ताटात पोहे-खोबरे असते आणि एलियाहू हनबीचे नाव घेतले जाते. त्याच एलियाहूचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्यास उतरला होता, असे मानणारी ही मंडळी. त्यांनी १९८० च्या दशकात इस्राएलमध्ये एक मराठी नियतकालिक सुरू केले आणि त्याचे नाव ठेवले 'मायबोली'. १९९६ मध्ये अमेरिकेतील मराठी मंडळींनी संगणकाच्या पडद्यावर आपले एक संकेतस्थळ उभारले. त्याचेही नाव 'मायबोली'च.